राजाबाई टॉवर आणि बुडालेली बँक

जमिनीच्या दाव्यापायी मुंबईच्या हायकोर्टाचे हेलपाटे घालणे हे आपल्या भागातील अनेक घरांच्या नशिबी पिढ्यान्‌पिढ्या होते. २०२५ साली कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि ही पायपीट थांबली. कवठे महांकाळ, जत, आटपाडीहून गेलेली ही माणसे पुकारा होईपर्यंत बाहेर उभी राहत, तेव्हा शेजारच्या एका उंच घड्याळाच्या मनोऱ्याकडे त्यांची नजर हमखास जाई. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला हा राजाबाई टॉवर. राजाबाई म्हणजे कोणी राणी असावी असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात त्या एका दलालाच्या आई. मुलाचे नाव प्रेमचंद रायचंद.

आईच्या नावाने मनोरा उभारावा म्हणून प्रेमचंदांनी पैसे दिले ते १८६४ साली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, मुंबईतील सर्वांत भरवशाची मानली गेलेली ‘बँक ऑफ बॉम्बे’ बुडाली, आणि तिच्या बुडण्यात सर्वांत मोठे नाव याच प्रेमचंदांचे घेतले गेले. एकाच माणसाच्या खात्यावर एवढी मोठी जमा आणि एवढी मोठी नावे क्वचितच पडते. त्या खात्याचा हिशेब करावा म्हणून हा लेख.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ चा, सुरतेच्या जैन कुटुंबातला. एके काळी जगभरची जहाजे जिथे लागत त्या सुरतेचा व्यापार तोवर मुंबईकडे सरकला होता. व्यापार गेला तशी माणसेही गेली. वडील रायचंद दीपचंद मुलाला घेऊन मुंबईत आले. परिस्थिती बेताची होती. पण मुलगा इंग्रजी शिकला, आणि या एका गोष्टीने त्याचे पुढचे आयुष्य ठरवले. त्या काळी शेअरबाजारातील देशी दलालांना इंग्रजी येत नसे. गोऱ्या पेढीच्या साहेबाशी थेट बोलणारा, त्याचे पत्र वाचून लगेच उत्तर देणारा देशी दलाल म्हणजे प्रेमचंद. १८५२ च्या सुमारास रतनचंद लाला या दलालाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली आणि काही वर्षांतच स्वतःचा जम बसवला. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. दिवसभराचे सौदे कागदावर न टिपता ते रात्री तोंडपाठ सांगत, असे म्हणतात.

तेव्हाचा शेअरबाजार म्हणजे टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली उभे राहणारे काही दलाल. खरी उलाढाल सोने-चांदी, अफू आणि कापूस यांची. आणि कापसानेच या माणसाला आकाशात नेऊन बसवले.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्या दक्षिणेकडच्या कापसावर चालत. त्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार-पंचमांश भाग तिथून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि गिरण्यांचे चाते थांबले. कापूस आणायचा कुठून? सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे, म्हणजे मुंबई बंदराकडे वळले. युद्धापूर्वी खंडीला दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास असलेला भाव सहाशे रुपयांच्या पुढे गेला. एक खंडी म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो. भाव इतका चढला की लोकांनी जुन्या गाद्या उसवून त्यांतला कापूस बाजारात नेला, असे सांगतात. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि आपल्या दक्षिणेकडचे धारवाड, जिथे जिथे काळी जमीन होती तिथला कापूस बंदराकडे धावू लागला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तीही याच तेजीच्या दिवसांत. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईत सत्तर ते पंच्याहत्तर कोटी रुपयांची जादा संपत्ती आली, असा जाणकारांचा अंदाज आहे. तेव्हाचे सत्तर कोटी!

एवढा पैसा एका शहरात ओतला गेला, पण तो गुंतवायला तिथे होते काय? गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग पैशाने स्वतःच वाट काढली. कंपन्या निघू लागल्या. बँका निघाल्या, विमा कंपन्या निघाल्या, कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत एकतीस बँका होत्या! यांतल्या कित्येकांजवळ नावाची पाटी आणि शेअरचे छापील कागद यांखेरीज फारसे काही नव्हते. या सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पश्चिमेचा उथळ समुद्र भरून काढून जमीन विकायची, अशी तिची योजना. पाच हजारांच्या तिच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव फुटला. समुद्र तिथेच होता. जमीन अजून निघायची होती.

या सगळ्या खेळाचे सूत्रधार प्रेमचंद शेठ. बॅक बेच्या मागे ते, एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनच्या मागेही तेच. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणाला किती द्यायचे, हे त्यांच्या शब्दावर ठरे. शेअर हाती पडला म्हणजे दुसऱ्या दिवशी तो दुपटीने विकला जाणार, ही खात्री. त्यामुळे सकाळी त्यांच्या दारात रांग लागे, आणि त्या रांगेत व्यापारी असत तसे सरकारी अंमलदार, वकील, डॉक्टर, गोरे आणि काळे सगळे असत. शहाण्यासुरत्या माणसांनाही आपण धंदा करतो आहोत की जुगार खेळतो आहोत, हे कळेनासे झाले होते.

आता बँकेकडे वळू. बँक ऑफ बॉम्बे १८४० साली सरकारी सनदेने सुरू झाली. भांडवल सव्वाबावन्न लाख रुपये. त्यात सरकारचा हिस्सा होता आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले अधिकारी बसत. साहजिकच लोक तिला सरकारचीच बँक समजत. सुरुवातीला तिला स्वतःच्या नोटा काढण्याचाही हक्क होता. कर्ज कोणत्या तारणावर द्यायचे यावर जुन्या सनदेत कडक बंधने होती. माल, सोने-चांदी, सरकारी रोखे, म्हणजे जे विकायला काढले तर रक्कम उभी राहील असे तारण. १८६२ पासून नोटा काढण्याचे काम सरकारने स्वतःकडे घेतले. बदल्यात बँकेला सरकारी शिल्लक सांभाळायला मिळाली आणि धंद्यात मोकळीक देण्यात आली. १८६३ साली बँकेसाठी नवा कायदा झाला आणि त्याने जुनी बंधने सैल केली. कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याचा रस्ता मोकळा झाला. पाठोपाठ भांडवल वाढत वाढत दोन कोटी नऊ लाखांवर गेले.

ज्याने बँकेत कर्जखाते सांभाळले आहे त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. पण घरच्या मंडळींसाठी सांगतो. समजा, मी एक शेअर हजार रुपयांना घेतला. तो बँकेत ठेवला आणि त्यावर आठशे कर्ज काढले. त्या आठशेचा दुसरा शेअर घेतला, तोही बँकेत ठेवला आणि आणखी कर्ज उचलले. सगळेच असे करू लागले की मागणी वाढते आणि भाव चढतो. भाव चढला की बँकेच्या वहीत तारणाची किंमत वाढलेली दिसते. तारण वाढले म्हणून बँक आणखी कर्ज देते, आणि त्या कर्जानेच भाव आणखी चढतो. म्हणजे बँक ज्या भिंतीला टेकून उभी आहे ती भिंत बँकेनेच दिलेल्या पैशाने बांधलेली असते. चढत्या बाजारात ही वही फार सुंदर दिसते. एकही खाते थकीत नसते. तपासायला आलेला माणूस शेरा मारतो तोही समाधानकारक असाच.

अशा वेळी बँकेला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाचा नकार. बँक ऑफ बॉम्बेत त्या खुर्चीवर जेम्स ब्लेअर नावाचा सेक्रेटरी होता. प्रेमचंदांचे आणि त्याचे मेतकूट जमले. प्रेमचंदांची चिठ्ठी घेऊन माणूस आला की कर्ज मंजूर, अशी ख्याती झाली. कर्जदार कोण, त्याची पत किती, तारण ठेवलेली कंपनी काय करते, हे प्रश्न विचारणे मागे पडले. संचालक मंडळ आठवड्याला बसत होते, कागदांवर सह्या होत होत्या. पण ज्यांनी विचारायचे त्यांचेच हात शेअरबाजारात गुंतले होते. गोऱ्या साहेबांच्या शिस्तीचे गोडवे आपण ऐकत आलो. ती शिस्त लोभापुढे कशी वितळते हे इथे दिसले.

प्रेमचंद हे लबाड होते का? त्यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न सतत समोर येतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. हा माणूस पैसा दाबून ठेवणारा नव्हता. ऑगस्ट १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि ऑक्टोबरमध्ये मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जींनी मिळवली, इतिहासकार जदुनाथ सरकारांनी मिळवली. ज्या जदुनाथांनी शिवचरित्रावर एवढे लिहिले, त्यांच्या तरुणपणीच्या अभ्यासाला मुंबईच्या कापसाचा पैसा कामी आला होता. गुजरातेत मुलींच्या शाळेलाही त्यांनी मदत केली. देताना त्यांनी जात पाहिली नाही की प्रांत पाहिला नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले. ही बातमी मुंबईत पोचली आणि जगात शांतता झाली म्हणून शोक करणारे हे बहुधा एकमेव शहर ठरले. कापसाचा भाव गडगडला. मोठमोठ्या पेढ्या मे महिन्यापासूनच कोसळू लागल्या. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणाऱ्यांजवळ देण्यासारखे काही नव्हते आणि घेणाऱ्यांना घ्यायचे धैर्य नव्हते. पन्नास हजारांचा शेअर कोणी पाच हजारालाही विचारीना. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की त्यांच्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बॅक बे कंपनी बुडाली, एशियाटिक बँक बुडाली, समुद्र होता तिथेच राहिला.

बँक ऑफ बॉम्बे मात्र लगेच बुडाली नाही. बँक अशी एका दिवसात मरत नाही. सरकारच्या आधारावर तिने तीन वर्षे काढली. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बसली आणि त्या धक्क्याने आगीत तेल पडले. वसुली होत नव्हती. तारण म्हणून पेटीत ठेवलेल्या शेअरना रद्दीचा भाव राहिला नव्हता. १८६८ मध्ये बँक गुंडाळण्यात आली. दोन कोटी नऊ लाखांच्या भांडवलापैकी एक कोटी एकोणनव्वद लाख रुपये गेले होते. रुपयामागे चौदा आणे बुडाले म्हणा ना!

सरकारने सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. १८६३ च्या कायद्यात ठेवलेली ढिलाई, ब्लेअर आणि त्याच्या जागी आलेल्या रॉबर्टसन या सेक्रेटरींनी अधिकारांचा केलेला गैरवापर, संचालकांचा निष्काळजीपणा आणि काळाची असाधारण हवा, अशी कारणे समितीने नोंदवली. हे वाचताना बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अंगावर काटा येतो, कारण यात जुने असे काहीच नाही. वर्ष आणि नावे बदला, कोणत्याही बुडालेल्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा अहवाल तयार होतो. मोठ्या माणसाची चिठ्ठी, तिच्यापुढे मऊ पडणारा अधिकारी, सह्या करणारे संचालक आणि सगळे ठीक चालले आहे असे सांगणारी तेजी, हे चार खांब तेव्हाही होते.

या दिवाळ्याची झळ फक्त मुंबईला लागली नाही. तेजीत मुंबईच्या व्यापाऱ्याने गावोगावच्या सावकाराला पैसा पुरवला होता आणि सावकाराने तो शेतकऱ्याच्या हातात सढळपणे ठेवला होता. चार वर्षे घरात चांदी आली. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टीही सांगितल्या जातात. भाव पडला तसा मुंबईचा हात आखडला, सावकाराचा आखडला. शेतकऱ्याची उधारी बंद झाली आणि जुन्या कर्जाचा तगादा सुरू झाला. त्यातच काही तालुक्यांत सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जाचे दस्तऐवज जाळले. हे लोण पुणे-नगर भागात पसरले. या दंगलींना कारणे अनेक होती. पण त्यांतला एक धागा मागे मागे नेला तर तो मुंबईच्या वडापर्यंत जातो. ज्याने शेअर हा शब्दही ऐकला नव्हता त्यालाही त्या शेअरचे देणे भरावे लागले.

प्रेमचंद स्वतः १८६६ मध्ये बुडाले. ज्या दारात रांगा लागत तिथे आता घेणेकरी उभे राहिले. पण ते पळून गेले नाहीत, मुंबईतच राहिले. होते ते देणेकऱ्यांच्या व्यवहारात गेले आणि त्यांनी पुन्हा दलालीपासून सुरुवात केली. तो जुना दिमाख परत आला नाही, तरी बाजारात पुन्हा मान मिळाला. १८७५ साली देशी दलालांची रीतसर संघटना स्थापन झाली, त्यातही ते होते. आजच्या मुंबई शेअरबाजाराचे मूळ ते हेच. ज्या माणसाने बेबंद बाजाराचे टोक पाहिले आणि दाखवलेही, त्याचेच नाव बाजाराला नियम घालणाऱ्या संस्थेच्या पायाशी आहे. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, ते वारले.

आणि मनोरा? त्याचे पैसे बाजार पडण्याआधीच विद्यापीठाच्या हाती गेले होते, म्हणून ते वाचले. बांधकाम सुरू झाले मार्च १८६९ मध्ये, म्हणजे बँक गुंडाळल्यानंतर. १८७८ साली दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा पुरा झाला. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि दिवस मावळण्याआधी जेवण्याचा जैन नेम पाळायला त्यांना टोल्यांचा उपयोग होई, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मनोरा मुलाने आईसाठी दिलेल्या पैशाचा आहे हे खरे.

मग या खात्याची अखेरची शिल्लक काय? दानाने दोष धुऊन निघतो, असे म्हणणे सोपे आहे. दान म्हणजे लोकांच्या पैशावर मिरवलेला मोठेपणा, असे म्हणणेही तितकेच सोपे. मला दोन्ही हिशेब चुकीचे वाटतात. प्रेमचंदांचे दान खरे होते, त्याने घडलेली माणसे खरी होती. आणि ज्या भागधारकाची जन्माची पुंजी चौदा आण्यांनी घटली त्याचे नुकसानही खरेच होते. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला वळती करता येत नाही; ती दोन वेगळी खाती आहेत. दिलदार माणूस हा चांगला कर्जदार असतोच असे नाही, आणि वाईट कर्जदार हा वाईट माणूस असतोच असेही नाही. म्हणून तर बँकेत माणसाकडे बघून नव्हे, तारण आणि फेडीची ताकद बघून निर्णय घ्यायचा असतो. प्रेमचंदांचा दोष आहेच. पण दिलदारपणाने दिपून जाणे हा ब्लेअरचा आणि संचालकांचा दोष मला जास्त मोठा वाटतो. मागणारा मागणारच. नाही म्हणण्यासाठी ज्याला पगार मिळतो त्याने ते म्हणायला हवे होते.

पुढच्या पिढ्यांनी यातून काहीच घेतले नाही असे नाही. त्याच वर्षी, १८६८ मध्ये, त्याच नावाची नवी बँक एक कोटी भांडवलावर उभी राहिली. १९२१ मध्ये ती इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. १९६० साली कापसाच्याच मुलखातली, अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा ठेवीदारांचे हाल पाहून सरकार हलले. अमेरिकेत पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांतल्या बँका पिढ्यान्‌पिढ्या बुडत राहिल्या आणि १९३३ साली तिथे ठेवींना सरकारी विमा आला. आपल्याकडे तो १ जानेवारी १९६२ पासून आला. सुरुवातीला संरक्षण होते दीड हजार रुपयांचे. २०२० पासून ते पाच लाखांचे झाले.

आपल्या जिल्ह्याने यातले सगळे पाहिले. १९१६ साली निघालेली सांगली बँक नव्वद वर्षे चालून २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये रद्द झाला. आपल्या दुष्काळी पट्ट्यात द्राक्षाचे, बेदाण्याचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. मुलीच्या लग्नापर्यंत ते कुठे ठेवायचे हा घरातल्या बाईचाही प्रश्न असतो, नुसता कर्त्या पुरुषाचा नव्हे. अशा घराने दोन टक्के जादा व्याजाची पाटी पाहण्याआधी विमा कितीपर्यंतचा आहे हे विचारावे. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेच्या ठेवीसारखे हे विम्याचे कवच नसते, हेही लक्षात ठेवावे. आणि वार्षिक सभेला नुसता चहा घेऊन न परतता एक प्रश्न उभे राहून विचारावा: सर्वांत मोठे कर्ज कोणाला दिले आहे, आणि ते कशाच्या तारणावर? बँक ऑफ बॉम्बेच्या सभेत १८६४ साली हा प्रश्न कोणी वेळेवर आणि मोठ्याने विचारला असता, तर राजाबाई टॉवर तरीही उभा राहिला असता, आणि कदाचित बँकही.